दुधाने धूर अडत नाही

वेल्डिंगच्या दुकानांत एक जुनी समजूत आहे. जी.आय.चे काम असले की आधी ग्लासभर दूध प्यायचे, किंवा गुळाचा खडा तोंडात टाकायचा, म्हणजे धूर बाधत नाही. मालकही अभिमानाने सांगतो, "मी माझ्या पोरांना रोज दूध देतो." दूध वाईट नाही, गूळही वाईट नाही. पण दूध जाते पोटात आणि धूर जातो फुप्फुसात. या दोन वाटा वेगळ्या आहेत, आणि हे शाळेत सातवी झालेल्या मुलालाही ठाऊक असते. तरी ही समजूत टिकून आहे, कारण दुधाचा ग्लास दिला की मास्कचा प्रश्न कोणी विचारत नाही.

हा विषय आपल्या घरांतला आहे. आपली कितीतरी मुले आयटीआय करून, किंवा नुसती मिस्त्रीच्या हाताखाली शिकून, फॅब्रिकेशनच्या दुकानांत आणि शेडच्या ठेकेदारांकडे हजेरीवर आहेत. डोळ्यांसाठी काळी काच लागते हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितले जाते. छातीचे कोणी सांगत नाही.

जी.आय. म्हणजे पोलादावर जस्ताचा पातळ थर. गंज लागू नये म्हणून तो दिलेला असतो. पाण्याचे पाईप, छपराचे पत्रे, शेडचे खांब, सगळीकडे तो आहे. जस्त 420 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि 907 अंशांना उकळून त्याची वाफ होते. पोलाद वितळायला मात्र 1500 अंशांच्या जवळपास उष्णता लागते. म्हणजे सांधा बसण्याच्या आधीच जस्त हवेत उडालेले असते. ती वाफ हवेशी मिळून जो दाट पांढरा धूर होतो, कधीकधी कापसासारखे तंतू तरंगताना दिसतात, ते झिंक ऑक्साइड. त्याचे कण मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा त्यांना अडवत नाही. दवाखान्यातला निळा पातळ मास्कही नाही.

दुपारी काम केलेल्या माणसाला त्रास लगेच होत नाही, म्हणून फसगत होते. चार ते दहा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री घरी आल्यावर, तोंडाला धातूची किंवा गोडसर चव येते, घसा कोरडा पडतो, खूप तहान लागते. मग कोरडा खोकला, हुडहुडी, ताप, अंग मोडून येणे. सकाळी घामाने अंथरूण भिजलेले असते. एक-दोन दिवसांत हे आपोआप उतरते. डॉक्टर याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात.

या तापाचे एक वैशिष्ट्य नीट समजून घ्यावे. रोज धूर घेणाऱ्याचे शरीर काही दिवस तो सहन करू लागते आणि ताप येत नाही. मग एक सुट्टी पडते, ती सहनशक्ती निघून जाते, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी ताप पुन्हा गाठतो. म्हणून त्याला सोमवारचा ताप असेही नाव आहे. (भोसरीकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, तिथे तो शुक्रवारी येईल.) "आता मला सवय झाली" असे जुना वेल्डर छाती ठोकून म्हणतो, ती सवय एवढीच. धूर आत जायचा तो जातोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली सगळ्याच वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला आहे. त्या यादीपुढे सवयीचे काही चालत नाही.

वस्तीत हा ताप ओळखला जात नाही. थंडी वाजून ताप म्हटले की मलेरिया, नाहीतर व्हायरल. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, कारण या तापातही त्या वाढतात. मग सलाईन लागते, अँटिबायोटिक सुरू होते, दोन दिवसांत ताप उतरतो आणि श्रेय औषधाला जाते. मलेरिया-डेंग्यूची तपासणी टाळा असे मी म्हणत नाही. आपल्या वस्त्यांत पावसाळ्यात ती केलीच पाहिजे. पण डॉक्टरांना सोबत एवढे सांगा: "काल जी.आय.चे वेल्डिंग केले होते." हे वाक्य रोग्याने स्वतः सांगितले नाही तर डॉक्टर क्वचितच विचारतात.

एक गोष्ट मात्र घरच्या बायकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण रात्री उशाशी त्याच बसलेल्या असतात. भंगारातून आलेल्या जुन्या नट-बोल्टांवर आणि सुट्या भागांवर जस्ताऐवजी कॅडमियमचा मुलामा असू शकतो. तो डोळ्यांनी ओळखू येत नाही. त्याच्या धुराची सुरुवात अगदी या साध्या तापासारखीच होते, पण दुसऱ्या दिवशी उतार पडण्याऐवजी दम लागत जातो, फुप्फुसात पाणी होते आणि माणूस दगावू शकतो. म्हणून धाप लागली, छाती आवळल्यासारखी झाली, ओठ निळसर दिसले किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नये. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आता हे टाळायचे कसे, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे? माझ्या मते दुसरा प्रश्नच मोठा आहे. उपाय अवघड नाहीत. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जस्त ग्राइंडरने घासून काढायचे आणि मगच रॉड लावायचा. पाईपला आतूनही जस्त असते, तेही हात पोचेल तेवढे काढायचे. घासतानाही मास्क हवा, कारण तिथे धूळ उडते. काम उघड्यावर करायचे. पंखा बाजूने लावायचा, धूर तोंडापासून दूर जाईल असा. पाठीमागून लावला तर हवा अंगाला वळसा घालून धूर उलट तोंडासमोर आणते. डोके धुराच्या लोटावर वाकवायचे नाही. मास्क एन-95 किंवा आय.एस. 9473 छाप असलेला एफएफपी-2, नाकावर नीट दाबून बसवलेला; रोजचेच काम असेल तर बदलत्या फिल्टरचा रबरी मास्क. दाढीवर कोणताही मास्क घट्ट बसत नाही, हेही तरुणांनी ध्यानात घ्यावे. हे सगळे जमले तरी पोटमाळ्यावर किंवा दहा बाय बाराच्या खोलीत जी.आय.चे वेल्डिंग करूच नये. तिथे धूर वेल्डरसोबत पाळण्यातले मूलही घेते. ग्रिल बाहेर बनवून आत बोल्टने बसवता येते.

या घासण्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. मास्क दोन-तीन वडापावांच्या किमतीचा असतो, तोही कोणाच्या तरी खिशातून जातो. मालकाने द्यावा हे बरोबरच आहे. पण वस्तीतल्या छोट्या कामांत काम देणारे बहुतेक वेळा आपणच असतो. खिडकीची ग्रिल, जिन्याचा कठडा, विहाराची शेड, 14 एप्रिलची कमान. तीन मिस्त्र्यांकडून भाव घेतो, सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला काम देतो, वर आणखी पाचशे कमी करायला लावतो. ते पाचशे घासण्यातून आणि मास्कमधून वजा होतात. जयंतीची कमान तर रात्री घाईघाईत उभी राहते, मंडळाची पोरे हौसेने पाईप धरून धुरात उभी असतात. दुसऱ्या दिवशी एखाद्याला ताप भरला की "जयंतीची दगदग झाली" म्हणून सगळे मोकळे होतात. त्याची हजेरी बुडते ती बुडतेच. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात सहसा ईएसआयही नसते.

म्हणून विहार समितीने आणि जयंती मंडळाने वर्गणीच्या हिशेबात वेल्डिंगच्या खर्चाखाली घासणी आणि मास्क या दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात, आणि त्यावर घासाघीस करू नये. त्याहून सोपे म्हणजे जिथे रंग मारून भागते तिथे जी.आय. न घेता साधा काळा एम.एस. पाईप घ्यावा. त्याचाही धूर टाळायचाच, पण जस्ताचा त्रास नाही.

मिस्त्री एक हरकत घेईल: घासले तर सांध्यापाशी गंज धरेल. हरकत खोटी नाही. त्यासाठी झिंकचा रंग डब्यात तयार मिळतो. सांधा पूर्ण गार झाल्यावर, खपली झाडून त्याचे दोन हात मारून घ्यावेत. मारताना समोर उभे राहावे, नाहीतर डबा न उघडताच परत जातो.