रान ओसाड नव्हते

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, हा वाद आपल्याकडे फराळाइतक्याच नेमाने होतो. त्यात सोन्याच्या शोधाच्या साहसकथांना मात्र सरसकट मुभा असते. कडाक्याची थंडी, कुत्र्यांची गाडी, उपाशी नायक आणि शेवटी नदीच्या वाळूत चमकणारा कण! मुलगा कणखर होतो म्हणतात. होवो बिचारा, माझी तक्रार त्याबद्दल नाही. या कथा एक धडधडीत खोटे सांगतात आणि ते इतके गोड करून सांगतात की वडीलधारेही ते मुकाट्याने गिळतात. ते खोटे असे, की ते रान ओसाड होते, कोणाचेच नव्हते, म्हणून जो पोचेल त्याचे झाले.

क्लोंडाइकचेच घ्या. कॅनडाच्या वायव्य टोकाच्या या नदीवर अशा कथांचा मोठा संसार उभा आहे. नाव कसे रांगडे वाटते! पण तो 'ट्रोंडेक' या शब्दाचा परक्या जिभेवर झालेला चुराडा आहे. साल्मन मासे धरण्यासाठी तेथील लोक नदीत खुंट ठोकीत. ते ठोकण्याच्या दगडी हातोड्यावरून नदीला हे नाव पडले. जिच्या नावातच हातोडा आहे, ती नदी निर्जन कशी?

१८९६ च्या ऑगस्टमध्ये तिच्या एका ओढ्यात सोने सापडले. ज्या कुटुंबाला ते सापडले त्यात कीश ऊर्फ स्कूकम जिम, त्याचा भाचा डॉसन चार्ली, बहीण केट हे तिघे तागिश जमातीचे, आणि केटचा नवरा जॉर्ज कारमॅक तेवढा गोरा. सोने प्रथम कोणाच्या दृष्टीस पडले यावर आजही वाद आहे. सरकारदरबारी शोधाची नोंद मात्र कारमॅकच्या नावे झाली. पुढे १९०० मध्ये त्याने केटलाही टाकले. कथाकारांना यात साहस दिसले नसावे.

सुमारे एक लाख माणसे घरून निघाली. तीस-चाळीस हजार पोचली, आणि पाहतात तो चांगल्या जागा केव्हाच अडविलेल्या! पण ती निदान परत तरी जाऊ शकत होती. नदीच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या ट्रोंडेक ह्वेचिन लोकांनी कोठे जावे? त्यांचा मुखिया आयझॅक त्यांना घेऊन पाचेक किलोमीटर खाली, मूजहाइड येथे राहायला गेला.

आता जॅक लंडन. १८९७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो तेथे गेला आणि पुढच्याच वर्षी स्कर्व्हीने हिरड्या सुजवून परतला. १९०३ च्या त्याच्या 'द कॉल ऑफ द वाइल्ड'मधला बक कुत्रा कोण विसरेल? मीही विसरलो नाही. पण शेवट पाहा. बकच्या धन्याला सोने सापडते, आणि मग 'यीहॅट' नावाची टोळी येऊन त्याला ठार करते. कुत्रा सूड घेतो, वाचक खूष! ही जमात लंडनने कल्पनेतून काढलेली. असे लोक तेथे कधीच नव्हते. जे खरोखर होते, ज्यांची नदी गेली, त्यांना पुस्तकात जागा नाही. जागा आहे ती खुनी म्हणून, तीही खोट्या नावाने.

"अहो, गोष्टच ती!" असे म्हणणारे भेटतात. मग त्या मुलुखात कोण राहत होते, असे आपल्या मुलाला विचारून पाहा. तो कुत्रे आणि लांडगे सांगेल. पुस्तकावर बंदी घाला असे मी म्हणत नाही. बंदी हा आळशांचा उद्योग. पण संक्षेप करणाऱ्याला बर्फाची वर्णने गाळता येतात, तर प्रस्तावनेचे एक पान वाढविताही यावे.

आणि खजिन्याचीच गोष्ट हवी असेल, तर तीही त्याच नदीकाठी आहे. या झुंडीत आपली गाणी आणि नाच बुडतील, हे आयझॅकने ओळखले. त्याने ती सरहद्दीपलीकडे, अलास्कातल्या नातलगांच्या हवाली केली. त्यांनी ती जपली. कित्येक दशकांनी त्याच्या लोकांनी तेथे जाऊन ती पुन्हा शिकून घेतली. १९९३ पासून मूजहाइडला मेळावे भरतात, तेथे ती गायली जातात.