आश्रमाची भेट : केळी वाटून परत फिरू नका



कारखान्याचा पट्टा पडला, शेवटची टोळी गावाकडे निघाली की आपल्याकडे सहलींचे दिवस येतात. गटागटांतून गाड्या ठरतात. घाट उतरायचा, वैभववाडी, कणकवली, कसाल करीत मालवण गाठायचे, होडीने किल्ला पाहायचा, बांगडा-सोलकढी जेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत. घाटाखालच्या आपल्या सभासदांचा तर हा मुलूख घरचाच. वर्षभर लागण, खोडवा, पाणीपाळी आणि तोडीची वाट यांत जीव मेटाकुटीला आलेला असतो. दोन दिवस समुद्र पाहिला तर कोणाचे काही बिघडत नाही.

अलीकडे काही गटांनी या सहलीत एक चांगली भर घातली आहे. निराधार स्त्रिया व मुले यांना आसरा देणाऱ्या एखाद्या संस्थेला वाटेत भेट द्यायची असे ते ठरवितात. यावर सभासदांत दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की "सहल म्हणजे सहल, तिथं दुसऱ्याचं दुःख कशाला बघायचं?" दुसरे असे, की "गेलो, खाऊ वाटला, पुण्य लागलं, झालं काम." आम्हांला ही दोन्ही मते पटत नाहीत. भेट द्यावी, अवश्य द्यावी. परंतु ती कशी द्यावयाची आणि घरी परतल्यावर काय करावयाचे, याचा विचार गाडी ठरविण्याआधी झाला पाहिजे.

पाहण्यासारखे या वाटेवर पुष्कळ आहे. कणकवलीजवळ वागदे येथे अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 साली उभा केलेला गोपुरी आश्रम आहे. तो निराधारांचा आश्रम नव्हे. पण ज्याला समाजाने बाहेर ठेवले त्याच्या शेजारी जाऊन राहावे आणि स्वतःच्या हाताने काम करावे, ही शिकवण तिथे मिळते. कुडाळ तालुक्यात पणदूर येथे जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे. रस्त्यावर बेवारस सापडलेली, मनाचा तोल ढळलेली, घरच्यांनी टाकलेली माणसे तिथे सांभाळली जातात आणि त्यांत स्त्रियाही असतात. मालवणात बॅ. नाथ पै सेवांगण आहे. 1971 साली गेलेल्या नाथ पै यांचे नाव तिथे नुसते पाटीवर राहिलेले नाही, स्त्रियांच्या व मुलांच्या कामाने ते चालू ठेवले आहे.

कोकणच्या किनाऱ्याचे एक वेगळेपणही सांगितले पाहिजे. 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे हजारांहून अधिक स्त्रिया असलेले महाराष्ट्रात दोनच जिल्हे निघाले, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. कारण उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला, आणि मागे शेत, गुरे, म्हातारी माणसे सांभाळायला बाई. मनीऑर्डर वेळेवर आली तोवर सारे ठीक. ती थांबली, चाकरमानी परत आला नाही, की त्या बाईचा आधार एका दिवसात सुटतो. आपल्याकडे घाटावर हीच गोष्ट दारू, कर्ज आणि भाऊबंदकी यांनी होते. वाट निराळी, शेवट तोच.

हे आश्रम कोणा राजाने बांधून दिलेले नाहीत. महात्मा फुले व सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, एवढेच मागणे होते. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. ज्या पंढरीला आपण वारीला जातो, तिथेच 1875 पासून प्रार्थना समाजाने टाकलेल्या मुलांचा आश्रम चालविला. आपल्या कोकणातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी सामान घेऊन पायी हिंगण्याला जायचे, असा त्यांचा कित्येक वर्षे क्रम होता. लोकांनी त्यांना काय कमी बोल लावले? पण मुठीमुठीने वर्गणी देणारेही लोकच होते. पुष्कळांनी थोडे थोडे घालून मोठे काम उभे करायचे, यालाच आपण सहकार म्हणतो. तेव्हा "आश्रमाशी साखर कारखान्याचा काय संबंध?" असे विचारणाऱ्यांनी स्वतःच्या शेअर सर्टिफिकेटकडे एकदा पाहावे.

आता भेटीविषयी. काही ठिकाणी कशा भेटी होतात ते आम्ही ऐकतो आणि पाहतो. पन्नास माणसांची गाडी न कळविता दारात उभी राहते. मुलांची शाळा, अभ्यास, जेवण सोडून त्यांना रांगेत बसवितात. प्रत्येकाच्या हातात दोन केळी, एक बिस्किटचा पुडा. मग भाषण, मग फोटो, मग मोबाईलवर तो फोटो साऱ्या तालुक्याला. एखादी मावशी कोपऱ्यातल्या बाईजवळ जाऊन विचारते, "तुला गं का टाकलं नवऱ्यानं?" त्याच आठवड्यात तिसरी गाडी आलेली असते. त्या मुलांनी किती केळी खावीत आणि त्या बाईने तीच कहाणी कितीदा सांगावी?

फोटोची गोष्ट नुसत्या शिष्टाचाराची नाही. बाल न्याय कायदा 2015 याच्या कलम 74 प्रमाणे संस्थेतील मुलाची ओळख पटेल असे नाव, गाव, शाळा वा चित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि स्त्रियांचे म्हणाल, तर काहीजणी मारहाण करणाऱ्या माणसापासून जीव वाचवून आलेल्या असतात. तुमच्या फोटोमागे संस्थेची पाटी दिसली, तर तिचा पत्ता तुम्हीच त्याच्या हातात दिला. तसेच "हे पोर गोड आहे, आमच्याकडं द्या" असे कोणी बोलू नये. दत्तक देण्याचा मार्ग कायद्याने ठरलेला आहे. शासनाच्या दत्तक यंत्रणेकडे नाव नोंदवूनच तो होतो, दारात उभे राहून नाही. मुलाच्या कानावर ते वाक्य पडते आणि तुम्ही गेल्यावर ते वाट पाहत बसते.

मग जावे कसे? आम्हांला सुचते ते असे. आठ-पंधरा दिवस आधी कळवावे आणि कोणती वेळ सोयीची ते संस्थेलाच विचारावे. साऱ्या गाडीने आत न जाता दहा-बारा जणांनीच जावे आणि त्यांत निम्म्या आपल्या सभासद भगिनी असाव्यात. काय आणावे हेही विचारूनच आणावे. बहुधा उत्तर केळी असे मिळणार नाही. तांदूळ, तेल, औषधे, सॅनिटरी पॅड, अंथरुणे, पंपाची दुरुस्ती, शिलाई यंत्र, दहावीच्या मुलीची फी असे ते असेल. आपल्यात विहिरीचे, पंपाचे, गवंडीकामाचे, परसबागेचे जाणकार आहेत. ती कला घेऊन जा. आणि तिथे गेल्यावर घाई नको. मालवणी माणूस पाहुण्याला म्हणतो ना, "वायच बसा!" तसे बसावे. कोणी आपणहून बोलले तर ऐकावे, न बोलले तर भाजी निवडू लागावे.

देणगी देण्यापूर्वी कागद पाहावयास लाजू नये. आपण कारखान्याचा ताळेबंद वाचतो, सभेत प्रश्न विचारतो, तसेच इथेही. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आहे का, मुले ठेवणाऱ्या संस्थेकडे बाल न्याय कायद्याखालील नोंदणी आहे का, मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेली आहेत का, हिशेब तपासलेला आहे का, हे विचारावे. चांगली संस्था या प्रश्नांवर रागावत नाही, उलट कागद पुढे करते. जी रागावते तिथे पैसे देऊ नयेत आणि जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाला कळवावे.

अशा संस्थांची खरी अडचण काय असते? दिवाळीत फराळाचे डबे येतात, पंधरा ऑगस्टला वह्या येतात, आणि जुलैत किराण्याचे बिल थकते. कधी तरी येणाऱ्या पैशावर कायमची चूल चालत नाही. यावर ऊस उत्पादकाला शोभेल असा मार्ग आहे. दर टनामागे एक रुपया. ऐंशी टन ऊस घालणाऱ्याचे ऐंशी रुपये होतात. चार लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात निम्म्या उसापुरती जरी संमती मिळाली तरी वर्षाला दोन लाख रुपये उभे राहतात.

इथे सभासदांच्या कपाळावर आठी उमटणार हे आम्ही जाणतो. "आणखी एक कपात!" बिलातून कशाकशाची कपात होते याचा अनुभव प्रत्येकाला आहे, आणि ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पूर्ण पैसे मिळणे हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने दिलेला हक्क आहे. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे : ही कपात सक्तीची असू नये. ज्याने लेखी संमतिपत्र दिले त्याच्याच बिलातून, एकाच हंगामापुरती, वेगळ्या खात्यावर. कोणत्या संस्थेला किती दिले ते याच पत्रकात छापावे. सक्तीने काढलेल्या लाखापेक्षा खुशीने दिलेले दहा हजार बरे, कारण ते पुढच्या वर्षीही येतात.

येथवर बहुतेकजण मान डोलावतील. पुढचे मात्र थोडे जड जाईल, पण सांगितलेच पाहिजे. आश्रमातल्या त्या बायका आल्या कुठून? आभाळातून पडल्या नाहीत. त्या शेतकऱ्याच्या घरांतून आल्या आहेत. नवरा वारला, दिरांनी सातबारावर नाव लागू दिले नाही. माहेरी गेली, तर भावांनी लग्नाआधीच हक्कसोडीवर सही घेतलेली. चार एकर उसाच्या घरात तिला झोपायला जागा नाही. आपल्या गावची ओसरी तिला बाहेर काढते आणि मग त्याच ओसरीवरची माणसे गाडी करून आश्रमात केळी वाटायला जातात. हे काय दान झाले?

कायदा तिच्या बाजूचा आहे. 1956 च्या वारसा कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीला मुलाप्रमाणे हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि साऱ्या देशाने 2005 मध्ये दिला. 2005 च्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. शेतकऱ्यांच्या चळवळीनेही हे ओळखले होते. शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरविले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. कित्येक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. 1992 मध्ये शासनानेही पत्नीचे नाव सातबारावर लावण्याची योजना काढली. आपल्या कार्यक्षेत्रात किती सातबारांवर घरधनिणीचे नाव आहे, हे प्रत्येकाने आपापल्या उताऱ्यावरून पाहावे.

आणि शेअरचे काय? सभासद मयत झाल्यावर त्याचा भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावे करण्याची तरतूद सहकार कायद्याच्या कलम 30 मध्ये आहे. पुष्कळांनी नामनिर्देशन केलेलेच नसते किंवा थोरल्या मुलाचे नाव घातलेले असते. शेअर विभागात एक अर्ज भरून पत्नीचे नाव घालण्यास काही खर्च येत नाही. ती सभासद झाली की ऊस तिच्या नावे जाईल, बिल तिच्या खात्यावर येईल. बिल खात्यावर येणाऱ्या बाईला घराबाहेर काढणे इतके सोपे राहत नाही.

दुसरी गोष्ट मुलांची. बाप वारला की "पोरांना आश्रमात टाका" असा सल्ला नातेवाईक सहज देतात. आश्रम हा शेवटचा आसरा आहे. आईजवळ मूल राहू शकत असेल तर तेच बरे. त्यासाठी राज्य शासनाची सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. पालक गमावलेल्या, अडचणीतल्या मुलासाठी दरमहा 2250 रुपये मिळतात. आपल्या गटातील अशा प्रत्येक घराचा अर्ज भरला गेला की नाही, हे गट ऑफिसने पाहिले तर दहा आश्रमभेटींचे काम होईल. संकटातल्या मुलासाठी 1098 आणि स्त्रीसाठी 181 हे फोन नंबर गट ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

आपल्याच फडाशेजारच्या कोप्याही विसरू नका. बीडकडून आलेल्या टोळीतली बाळंतीण पाचटावर निजते आणि तिची मुले शाळा सोडून वाढे गोळा करतात. अशा मुलांसाठी बीड जिल्ह्यात आर्वी येथे शांतिवन उभे राहिले. ती मुले तिथे का जातात याचे उत्तर आपल्या शेतात आहे. मालवणच्या वाटेवरचा आश्रम पाहणाऱ्याला बांधावरची कोपी दिसू नये, हे बरे नव्हे.

सबब आमची सूचना अशी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन विषय घ्यावेत. एक, टनामागे एक रुपयाची ऐच्छिक वर्गणी आणि तिचा छापील हिशेब. दोन, प्रत्येक गट ऑफिसात नामनिर्देशन व वारसनोंदीसाठी एक दिवसाचे शिबिर, तलाठी व शेअर विभागाच्या माणसांसह. तीन, सहलीत आश्रमाची भेट ठेवणाऱ्या गटाने आधी ते शिबिर पार पाडलेले असावे.

विषयपत्रिकेवर विषय येण्यासाठी सभासदांनी मुदतीत लेखी सूचना द्याव्या लागतात. अर्ज गट ऑफिसात मिळेल. तो भरताना घरधनिणीला शेजारी बसवा, म्हणजे नामनिर्देशनाचा अर्जही त्याच बैठकीत भरून होईल.