एका शब्दानं जमीन गेली



मुंबईच्या गिरण्यांची जमीन कशी गेली, ते आपण समजून घेतलं पाहिजे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मालक म्हणाले, गिरणी चालवायला पैसा नाही, जमीन विकू द्या. १९९१ साली सरकारनं नियम केला : गिरणीच्या जागेवर घरं, दुकानं बांधा, पण जमिनीचे तीन वाटे करा. एक शहराच्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटे फक्त आधीपासून 'रिकाम्या' जमिनीचे. शेड पाडून मोकळी होणारी जमीन मालकाकडेच. लोक कोर्टात गेले. ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं दुरुस्ती कायम ठेवली. टॉवर उठले, मैदानांचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला.

आपण कसतो त्या जमिनीवरही असेच शब्द पडतात : 'पडीक', 'अतिक्रमण'. पण त्याच २००६ साली वनहक्क कायदा झाला. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत आपल्याला हटवता येत नाही. मिळालेला हक्क वारसाला जातो, विकता येत नाही. आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेतूनच होते.

म्हणून आमचं सांगणं : मोर्चा काढूच, पण कागदही वाचू. पंचनाम्यात विहीर, बांध, झाड सगळं लिहून घ्या. अंकुशनगरच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्यांची शेतं आधी लिहा. माणूस घरी नाही म्हणून शेत पडीक ठरायला नको. ठराव मोठ्यानं वाचून घ्या, मगच अंगठा द्या. दाव्याची पोच तारखेसकट घ्या.

जमीन आपली, शब्दही आपलाच पाहिजे!