माहेरी पाहुणा

जावयाला शनिवारीही ऑफिस होतं, म्हणून आम्ही मायलेकीच निघालो. तोक्योहून सुटलेली ‘कोमाची’ मोरिओकापर्यंत सुसाट पळते. पुढे डोंगरात शिरली की एकेरी रूळ, आणि समोरची गाडी जाईपर्यंत मुकाट्याने थांबणं. बुलेट ट्रेनला क्रॉसिंग! कोकण रेल्वेची आठवण येऊन मी खुशीत डबा उघडला.

अकिता प्रांतातलं ताझावा हे जपानमधलं सर्वांत खोल तळं. खोली ४२३.४ मीटर. मागे कोमागाताकेचा डोंगर तांबूस झालेला, आणि पाणी इतकं निळं की कुणी नीळ कालवली असावी. काठाशी तात्सुकोचा सोनेरी पुतळा. रूप टिकावं म्हणून ही पोर झऱ्याचं पाणी प्यायली आणि तिची नागीण झाली, असं म्हणतात. आईने दु:खाने हातातली जळती मशाल पाण्यात फेकली, तिचा मासा झाला. तोच कुनिमासू. रंग अगदी जळक्या लाकडाचा. या एका तळ्याखेरीज जगात कुठेच नव्हता तो.

मग १९४० साल आलं. वीज हवी, शेतीला पाणी हवं, म्हणून तामागावा नदी तळ्यात वळवली. तिच्या उगमाकडे लिंबाच्या रसाहून आंबट उकळते झरे आहेत. गावकरी त्या पाण्याला विषारीच म्हणत. थोड्याच वर्षांत कुनिमासू संपला. पुढे त्या झऱ्यांचं पाणी चुनखडीवरून सोडून आंबटपणा कमी करायला लागले, पण अजून तळ्यात मुख्यतः टिकून आहे तो उगुई मासा, आंबट पाण्याला दाद न देणारा. पुतळ्यापाशी त्याच्या झुंडी दिसतात.

नव्वदच्या दशकात इथल्या लोकांनी कुनिमासू शोधून देणाऱ्याला बक्षीस लावलं, ते वाढवत वाढवत ५० लाख येनपर्यंत नेलं. कुणालाच मिळालं नाही. आणि तिकडे फुजीच्या पायथ्याशी, साइको तळ्यावर, गळ टाकणारे त्याला ‘काळा मासा’ म्हणून खुशाल खात होते! १९३५ साली तिथे अंडी पाठवली होती. ओळख पटली २०१० साली. कळसा खरा, पण परक्याच्या काखेत.

काठावरच्या छोट्या संग्रहालयात काचेच्या टाकीत तो पाहिला. तिकडूनच आणलेला. वीतभर अंग, मोठे डोळे, कल्ला सावकाश उघडतोय, मिटतोय. खिडकीपलीकडे त्याचं तळं, पण तिथे सोडलं तर जगायचा नाही. माहेरी यावं आणि ओसरीवरूनच परतावं, तसं.

मी बराच वेळ काचेला नाक लावून उभी होते. लेक म्हणाली, “आई, बस चुकेल. पुढची फार उशिरा आहे.”

बसमध्ये तिने धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं उघडलं. चुलीच्या माळ्यावर टांगलेल्या शिंक्यासारखा वास.

“तुझ्या बॅगेत आणखी दोन घातलीत,” ती म्हणाली, “बाबांसाठी.”