क्रोधाला उत्तर काय द्यावें?

घरांतील वडील माणूस रागावलें म्हणजे मुलें काय करितात, हें आपण सर्व जाणतों. तीं गप्प राहतात, राग ओसरूं देतात, आणि मग पाण्याचा तांब्या पुढें करून हळूच बोलूं लागतात. ही रीत त्यांना कोणी शिकवीत नाहीं. परंतु एक माणूस नव्हे, सारा समाजच रागावलेला असेल तर काय करावें? आजचा आपला काळ तसा आहे. पूर्वीं लोकांचा राग पारावर, ओट्यावर आणि वर्तमानपत्रांत राहत असे. आतां तो प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांतून थेट माजघरांत येतो. काका एक मजकूर धाडतात, पुतण्या त्यास उलट उत्तर देतो, आणि गणपतीला एकत्र जमणारें कुटुंब त्या वर्षीं दोन ठिकाणीं आरती करतें. वाद देशाचा असतो, तुटतें तें घर. म्हणून या महिन्यांत आपण हाच विषय घेऊं.

आम्हां पुणेकरांना हा रोग नवा नाहीं. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं येथील पंचहौद मिशनमध्यें एक सभा झाली. शहरांतील प्रतिष्ठित मंडळी तेथें गेली होती. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. सभेनंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. न्यायमूर्तींनीं १८९२ त प्रायश्चित्त घेऊन तें आपल्यापुरतें मिटविलें. आज या गोष्टीचें हसूं येतें. पण ग्रामण्य म्हणजे श्राद्धाला ब्राह्मण न मिळणें आणि लेकीला माहेर तुटणें. ज्यांच्यावर तें आलें त्यांना हसूं आलें नसेल.

त्याच सुमारास याच शहरांत एका विधवा विदुषीवर याहून मोठा रोष ओढवला. पंडिता रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. शास्त्रीबोवांनीं पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें, म्हणून स्वजनांचा विरोध सोसला आणि तीर्थोतीर्थीं पुराण सांगत आयुष्य घालविलें. १८७४ च्या सुमारास उपासमारींत आईबाप गेले. १८७८ त कलकत्त्याच्या पंडितांनीं या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ त त्या पुण्यास आल्या, तेव्हां येथील सुधारक मंडळींनीं त्यांचें कौतुक केलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि कौतुकाचें पारडें फिरलें. तरी ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदा सदन काढलें आणि पुढल्या वर्षाच्या अखेरीस तें पुण्यास आणिलें. पुढें महर्षि कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनांत शिकल्या.

त्यांच्यावरील आक्षेप काय होता, हें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. रागावलेल्या माणसाचें म्हणणें न ऐकतांच त्याला क्षमा करणें, हा क्षमेचा केवळ देखावा होय. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील, अशा विश्वासानें लोकांनीं आपल्या मुली तेथें धाडल्या होत्या. रमाबाई कोणाला बळेंच प्रार्थनेस बसवीत नसत. परंतु आपल्या खोलींत आपल्या लेकीसह प्रार्थना करितांना त्या दार लावून घेत नसत. मुली आपण होऊन येऊन बसत. हा विश्वासघात आहे, असें 'केसरी'नें कडक शब्दांत मांडलें. १८९३ त रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति गृहस्थ सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि पंचवीसेक मुली पालकांनीं काढून नेल्या. पुढें १८९५ त सदनांतील कांहीं मुलींनीं बाप्तिस्मा घेतला. तेव्हां विरोधकांची शंका अगदींच निराधार होती, असें म्हणतां येत नाहीं. शिकण्यासाठीं धाडलेली मुलगी परक्या धर्मांत गेली, तर कोणत्या बापाचें काळीज हलणार नाहीं? त्या क्रोधाच्या मुळाशीं दुःख होतें. बहुतेक क्रोधाच्या मुळाशीं तें असतेंच.

बाई मवाळ होत्या, असा गैरसमज कोणी करून घेऊं नये. ज्या इंग्रज धर्मभगिनींनीं त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशींही त्यांनीं मतभेदाच्या वेळीं हटून वाद घातला. मांसाहार त्यांनीं कधीं पत्करला नाहीं. अशा मानी स्वभावाच्या बाईला शहरानें वाळींत टाकल्यावर ती पुणें सोडून गेली असती, तर कोणाला नवल वाटलें नसतें. अमेरिकेंत त्यांचे साहाय्यक होते, त्यांच्या नांवानें मंडळ स्थापन झालेलें होतें. परंतु त्या गेल्या नाहींत. खोलीचें दारही त्यांनीं लावून घेतलें नाहीं. जें आपणांस खरें वाटतें तें लपवावयाचें नाहीं, आणि ज्याला तें खरें वाटत नाहीं त्याच्या गांवचें काम सोडावयाचें नाहीं, असा त्यांचा बाणा होता.

त्या बाण्याची परीक्षा लौकरच झाली. १८९६-९७ त मध्यप्रांतांत मोठा दुष्काळ पडला. स्वतः उपासमारींतून वांचलेली ही बाई तिकडे गेली आणि अनाथ मुलींना घेऊन आली. पुण्यांत त्या वेळीं प्लेग. शहरांत त्यांना ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हां दौंडच्या वाटेवर केडगांव येथें सदनासाठीं घेतलेल्या शेतांत झोंपड्या उभारून त्यांना ठेविलें. तेंच पुढें मुक्ति सदन झालें. त्याच १८९७ सालीं प्लेगच्या इस्पितळांतील बायकांच्या हालांविषयीं रमाबाईंनीं मुंबईच्या एका पत्रांत उघडपणें लिहिलें. सरकारपक्षानें त्याचा इन्कार केला. ज्या शहरानें चार वर्षांपूर्वीं आपल्यावर आग पाखडली, त्याच शहरांतील बायकांच्या अब्रूसाठीं ही बाई सत्तेशीं भांडावयास उभी राहिली. वर्तमानपत्रांतील टीकेला याहून चांगलें उत्तर मला तरी ठाऊक नाहीं.

केडगांवीं पुढें निरनिराळीं सदनें झालीं. आंधळ्या स्त्रियांसाठीं एक झालें, वृद्धांसाठीं एक झालें. ज्या स्त्रियांना समाज 'पतित' म्हणून हांकून देतो, त्यांच्यासाठीं जें घर झालें त्याचें नांव 'कृपा सदन'. हें नांव विचार करण्यासारखें आहे. समाजाचा सर्वांत तीव्र क्रोध ज्यांच्या वांट्यास येतो, त्यांच्यासाठीं दाराशींच 'कृपा' हा शब्द लिहिला. तेथें आलेल्या बाईला प्रथम आपली योग्यता सिद्ध करावी लागत नव्हती. प्रथम जेवण मिळे, हाताला काम मिळे, मग बाकीचें.

ख्रिस्ती धर्मांत कृपा म्हणतात ती हीच. आपल्याकडे निग्रह आणि अनुग्रह हे शब्द जोडीनें येतात. ज्याला निग्रह करण्याचें सामर्थ्य आहे, त्यानें केलेला अनुग्रहच खरा; दुर्बळाच्या मौनाला अनुग्रह म्हणत नाहींत. ज्या माणसाची योग्यता नाहीं, निदान आपल्या हिशेबीं नाहीं, त्याला आपण होऊन जें द्यावयाचें, तें म्हणजे कृपा. खिस्ताची एक गोष्ट या बाबतींत एकत्र कुटुंबांतील प्रत्येकानें ऐकावी. एका गृहस्थाला दोन मुलगे होते. धाकटा आपला हिस्सा मागून घेऊन परगांवीं गेला, सारें उधळून बसला आणि भिकेस लागून परत आला. बाप धांवत सामोरा गेला, त्याला मिठी मारली आणि घरांत मेजवानी मांडली. येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. पण थोरला मुलगा शेतावरून आला, त्यानें वाद्यें ऐकलीं आणि तो रागानें उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. इतकीं वर्षें राबलों तो मी, आणि मेजवानी या उधळ्याला! हिशेब पाहूं गेल्यास त्याची तक्रार रास्त होती. त्या वेळीं बाप आंतून त्याला दरडावीत नाहीं, 'येत नसेल तर राहूं दे' असेंही म्हणत नाहीं. तो स्वतः बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. तो आंत आला कीं नाहीं, हें गोष्टींत सांगितलेलें नाहीं. बाप बाहेर आला, एवढेंच सांगितलें आहे.

ही उदाहरणें ख्रिस्ती लोकांचीं कां, असें एखादा वाचक विचारील. क्षमा ही कोणा एका धर्माची मिरास नाहीं. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसापुढून एकनाथ महाराज पुन्हा पुन्हा गोदावरींत स्नानास गेले, ही आख्यायिका आपण मुलांना सांगतोंच. आणि ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्यांनीं सर्वत्र दया दाखविली असेंही नाहीं; गोमंतकांत १५६० पासून चाललेल्या इन्क्विझिशनची आठवण अद्याप पुसलेली नाहीं. रमाबाईंचें उदाहरण घेतलें तें अशासाठीं कीं त्यांत रागावलेला पक्ष आपला होता. आपण रागावलेले असतांना समोरच्यानें कसें वागावें असें आपणांस वाटतें, हें त्यावरून कळतें. आणि तेंच माप मग दुसऱ्यासाठीं वापरतां येतें.

क्षमा ही ज्याच्या स्वभावांत असते त्यालाच साधते, असेंही म्हणतात. तें खरें नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. घरांत जो कल्लोळ झाला, तो लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें'त लिहून ठेविलाच आहे. पतिपत्नींची कांहीं वर्षें ताटातूट झाली. टिळक मोठे शीघ्रकोपी. पण या एका बाबतींत त्यांनीं बायकोवर बळजबरी केली नाहीं. पुढें दोघें नगरास एकत्र आलीं, तेव्हां लक्ष्मीबाई प्रथम आपलें सोंवळें सांभाळूनच राहिल्या. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचारानें. रागीट माणसालाही थांबतां येतें; तो गुण जन्मानें मिळत नाहीं, संवयीनें येतो. आणि जी बाई त्या काळीं नातलगांच्या रागाच्या मध्यभागीं उभी होती, तिनें तो सारा काळ पुढें असा लिहिला कीं वाचणारा रडतां रडतां हसतो. कडूपणा जिरल्याशिवाय असा विनोद येत नाहीं.

आतां आपल्या घरापुरतें काय घ्यावें, तें सांगतों. समोरचा रागानें बोलला तर त्यांतील तक्रार आणि राग हीं दोन निराळीं करावीं. तक्रारीला खरें उत्तर द्यावें. खोट्यापुढें मान हालवूं नये, आणि आपलें मतही लपवूं नये. रागाला मात्र शब्दानें उत्तर देऊं नये. त्याच्या खालीं कोणतें दुःख आहे तें शोधावें, आणि त्या दुःखावर आपल्या हातून कांहीं होण्यासारखें असेल तर तें करावें. काका देशाविषयीं तावातावानें लिहितात. कदाचित् त्यांच्या घरीं संध्याकाळीं बोलावयास माणूस नसेल. पुतण्या उर्मटपणें उत्तर देतो. कदाचित् चार ठिकाणीं अर्ज करून तो नाकारला गेला असेल. हें यंत्रावरील दोन ओळींत दिसत नाहीं; समोर बसल्यावर दिसतें. म्हणून मजकुराला मजकुरानें उत्तर देण्याऐवजीं उठून त्यांच्या घरीं जावें, आणि पहिल्या भेटींत त्या विषयाचें नांवही काढूं नये.

आधीं कोणीं जावें, असा प्रश्न मग निघतो. लहानानें जावें, हा आपला रिवाज आहे, आणि तो वाईट नाहीं. पण दोघेही आपापल्या जागीं अडून बसले असतील, तर ज्याच्याकडे वडिलकी आहे त्यानें पाऊल उचलावें. त्यांत त्याची वडिलकी कमी होत नाहीं. त्या गोष्टींत उंबऱ्याबाहेर आला तो बापच होता.