निपुण चाचणी, नवा अभ्यासक्रम आणि ऊसतोडीला जाणारी मुले : लिंबागणेश परिसरातील पालकांचे निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, बीड

मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, बीड

विषय : प्राथमिक शाळांत नव्या अध्ययन निकषांची अंमलबजावणी करताना ऊसतोड मजुरांच्या मुलांचे वेळापत्रक विचारात घेणेबाबत.

महोदय,

लिंबागणेश व परिसरातील वाड्या-वस्त्यांवरील आम्ही पालक आपणांस विनंतीपूर्वक हे निवेदन सादर करीत आहोत.

निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला 2026-27 पर्यंत समजून वाचता यावे, हिशेब करता यावा, हे त्याचे उद्दिष्ट. दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थासह वाचावेत, 999 पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. तिसरीच्या मुलाने किमान 60 शब्द वाचावेत आणि 9999 पर्यंत जावे, असे निकष ठरले आहेत. या निकषांना आमचा विरोध नाही. पोरगं चौथीत गेलं तरी त्याला एसटीची पाटी वाचता येत नाही, हे घरात सर्वांत आधी आम्हालाच दिसते. आमचे म्हणणे आहे ते मोजणी कधी होते याबद्दल.

बालाघाटाच्या या माथ्यावर शेती पावसाच्या भरवशावर. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मुकादमाची गाडी दारात आली की मुलाच्या सहामाहीसाठी कोणी थांबू शकत नाही. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये, आणि ऊस शिल्लक असेल तर त्याहून उशिरा. राज्याचा निपुण कृती कार्यक्रम 2025 मध्ये सुरू झाला तो मार्च महिन्यातच. त्या वेळी आमची मुले फडावरच्या कोपीत होती आणि नावे मात्र इथल्या हजेरीपटावर. अशा मुलाच्या चाचणीच्या रकान्यात काय लिहायचे? गैरहजर लिहिले तर शाळेची टक्केवारी घसरते, अंदाजाने स्तर भरला तर अहवाल चांगला दिसतो आणि मूल जिथल्या तिथे राहते.

फडावर मुले बसून नसतात. तिसरीतला एक मुलगा वाढ्याच्या पेंढ्या पाच-पाच करून मोजतो आणि गिऱ्हाइकाने नोट दिली की उरलेले पैसे तोंडी सांगतो. तोच मुलगा गावी परतल्यावर वहीवर हातच्याची वजाबाकी मांडताना अडतो, आणि दिवाळीआधी येत असलेली जोडाक्षरे वाचताना थांबतो. मिनिटाला शब्द मोजणाऱ्या चाचणीत तो मागे पडलेला ठरेल. त्याची बुद्धी मंद नाही, त्याचे शाळेचे पाच-सहा महिने बुडालेले आहेत. दोन्ही गोष्टींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून नोंदही वेगळी हवी.

त्यासाठी आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलाची चाचणी टोळ्या निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा घ्यावी. शाळेचे मूल्यमापन या मुलांच्या बाबतीत दोन चाचण्यांमधील फरकावर व्हावे. पहिल्या चाचणीचा स्तर, स्थलांतरित मुलाने तिकडच्या शाळेत दाखवायच्या शिक्षण हमी कार्डावर शिक्षकांनी स्वहस्ते लिहावा: कोणता धडा झाला, कुठे अडतो, एवढ्या दोन ओळी पुरेत. सध्या हे कार्ड मिळालेच तर त्यावर नाव, इयत्ता आणि शिक्का. कारखान्याजवळच्या शाळेतल्या गुरुजींना त्यावरून काहीच कळत नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलांचा प्रश्न आणखी अवघड आहे. जवळची शाळा कन्नड माध्यमाची निघाली तर हमी कार्ड असूनही वर्गात बसून उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी किमान सराव पुस्तिका आणि आठवड्याला शिक्षकांचा एक फोन एवढी सोय जिल्हा परिषदेच्या आवाक्यातली आहे.

मुळात मूल गावातच थांबले तर यातले बरेचसे लागणारच नाही. हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे. आजी-आजोबांजवळ राहायचे आणि दोन वेळचे जेवण योजनेतून. परंतु टोळ्या गेल्यानंतर मिळालेल्या मंजुरीचा काही फायदा नसतो. एकदा आई-बापांबरोबर गाडीत बसलेले मूल हंगाम संपल्याशिवाय उतरत नाही. प्रस्ताव ऑगस्टमध्ये मागवून टोळी निघायच्या दिवशी चूल पेटलेली असावी. मुलींना मागे ठेवायचे की सोबत न्यायचे, हा पालकांचा निर्णय तर यावरच ठरतो.

पाचवीच्या मुलांबाबत एक वेगळे सांगणे आहे. राज्याच्या सुधारित नियमांनुसार पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आहे. तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात बसावे लागते. स्थलांतरित मुलांना पुनर्परीक्षेपूर्वी सलग शिकवणीवर्ग मिळावेत. न शिकवता घेतलेली फेरपरीक्षा म्हणजे त्यांना ऊसतोडीच्या वाटेला लावणेच होय.

पहिलीला 2025-26 पासून नवा अभ्यासक्रम आला असून पुढील वर्ग टप्प्याटप्प्याने येत आहेत. ‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दाची पारावर जेवढी चर्चा झाली, तेवढी पुस्तकाच्या आत काय आहे याची झाली नाही. प्रत्येक शाळेत पालकसभा घेऊन ते समजावून सांगावे, टोळ्या जाण्याआधी. तसेच दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. अशा शाळांची प्रशिक्षणे आळीपाळीने ठेवावीत. रिक्त पदे भरावीत, हे दरवर्षीच्या निवेदनात असते आणि याही निवेदनात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुकीखेरीज अन्य कामे शिक्षकांना देता येत नाहीत, याचेही स्मरण करून देतो.

वरील मागण्यांवर कोणती कार्यवाही होणार, ते आम्हाला दसऱ्यापूर्वी लेखी कळवावे. दसऱ्यानंतर उत्तर आले तर ते वाचायला आमच्यापैकी निम्मे लोक गावात नसतील.

आपले नम्र,
समस्त पालक व ग्रामस्थ, लिंबागणेश परिसर, ता. जि. बीड
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत.)

प्रत माहितीस्तव :
1. मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, बीड
2. मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, अंबाजोगाई