उधारीची यादी आणि पायथनचा दुभाष्या

बिलाचे तयार सॉफ्टवेअर आता छोट्या कापड दुकानातही असते. पण त्यात एक रकाना वाढवायचा म्हटले की दुकानदार बाहेरच्या माणसाची वाट पाहत बसतो. ही मोहताजी संपवायची असेल तर व्यापाऱ्यांच्या मुलामुलींनी पायथन शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पायथन ही कॉम्प्युटरला हुकूम देण्याची भाषा. नेदरलँड्सचे गिडो व्हान रोसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. त्याआधी त्यांनी नवशिक्यांसाठीच्या एबीसी या भाषेवर काम केले होते, म्हणून पायथनही नवख्याला सोपी जाते. तिचा इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. ४५ मीटरचे १२० तागे असा गुणाकार लिहून एंटर दाबा, ५४०० हा जबाब हजर. लिहिण्यात चूक झाली तर कोणत्या ओळीत, तेही तो सांगतो.

सोबत स्टँडर्ड लायब्ररी मिळते. ही तयार अवजारांची पेटी आहे. सीएसव्ही हे अवजार एक्सेलमधून काढलेली यादी वाचते, डेटटाइम उधारीचे दिवस मोजते, एसक्यूलाइट खाती सांभाळते. दोन्ही मोफत.

एक सावधगिरी मात्र हवी. कॉम्प्युटर दशांश दोनच्या पटीत साठवतो, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, मागे बारीक शेपूट राहते. पैशाच्या हिशेबाला पेटीतले डेसिमल वापरावे.

"इंग्रजीचे काय?" हा सवाल उर्दू आणि मराठी माध्यमाच्या घरांत हमखास निघतो. या भाषेचे राखीव शब्द आहेत अवघे ३५ च्या आसपास. चुकीच्या सूचना इंग्रजीत येतात हे खरे, पण तेच शब्द फिरून येतात आणि ओळखीचे होतात. गिऱ्हाइकाचे नाव उर्दूत किंवा मराठीत खुशाल लिहावे.

तेव्हा क्लासची भारी फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला उधारीच्या यादीची नक्कल द्यावी. ९० दिवसांवरची येणी कोणती, हे पायथनकडून काढून घ्यावे आणि महिनाभर वहीशी ताडून पाहावे.

आता एआय प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही काही जण म्हणतात. हिशेब मुनीमजी लिहीत होते, तेव्हाही बेरीज मालकाला यावीच लागत होती.